तीन पाय, एक पाय आणि हिंचका

बडोदे, १९ ऑगस्ट २०२५

ती. सुहासताईस,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण मग उठवायला सोसायटीचा वॉचमन बोलवावा लागतो, म्हणून नुसताच.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर माझं बोट भलतीकडे पडतं. परवा आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या निधनाच्या बातमीखाली माझ्याकडून नाचणारं अस्वल गेलं. तेव्हापासून मी व्हॉट्सॲप बंद केलं आणि त्या घरच्यांनी माझ्याशी बोलणं.

काम असं आहे की मला एक ट्रायपॉड घ्यायचा आहे. स्वस्तातला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तू कृष्णेच्या काठाने पक्ष्यांचे फोटो काढत हिंडतेस, तेव्हा या तीन पायांच्या जनावराबद्दल आधी आतेबहिणीला विचारावं आणि मग फसावं, असं ठरवलं.

कशासाठी ते सांगतो. अवनी चालली. नीलची मुलगी म्हणून सांगत नाही, पण अशी नात मिळायला नशीब लागतं. जर्मनीतला प्रवेश तिला गेल्याच वर्षी मिळाला होता. वसुंधरा आजारी पडली आणि पोरीने आजीच्या उशाशी बसण्यासाठी तो पुढे ढकलून घेतला. वसुंधरा गेली, वर्षश्राद्धही झालं. आता कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचं विमान आहे आणि त्याआधी नवरात्र. मला तिचा गरबा खेळतानाचा एक, फक्त एक, स्वच्छ फोटो हवा आहे. ती गेल्यावर तो समोरच्या भिंतीवर लावीन आणि त्याच्याकडे बघत चहा पिईन. एवढीच मागणी आहे.

माझी कीर्ती तुला ठाऊक आहे. घरातल्या प्रत्येक कार्यात मी फुकटचा फोटोग्राफर, आणि माझ्या फोटोंत माणसं येतात, डोकी येत नाहीत. वसुंधरा म्हणायची, "ह्यांनी फोटो काढलेत ना, मग लग्न लागलं की नाही ते भटजींनाच विचारा." पण डोकी कापली तरी धडं मी स्पष्ट काढत असे. गेले काही महिने धडंही हलायला लागली आहेत. अवनीच्या वाढदिवसाच्या फोटोत तिला चार डोळे आणि केकला दोन मजले आले. नील म्हणाला, "बाबा, आर्टिस्टिक आहे." माझा जन्म रिफायनरीत गेला. वाया गेलेल्या मालाला चांगलं नाव कसं देतात हे मला शिकवायला नको.

नवी लेन्स जड आहे, हे कारण. दुसरं काही नाही.

बाकी ठीक. चहा हल्ली अर्धा कपच घेतो, साखरेसाठी.

तुझा,
रमाकांत


सांगली, २६ ऑगस्ट २०२५

चि. रमाकांत,

आशीर्वाद. उद्या गणपती येणार आणि मी आज ट्रायपॉडवर प्रबंध लिहायला बसले आहे, यावरून माझ्या मोदकांचं भवितव्य ओळख.

तू योग्य माणसाला विचारलंस, कारण माझ्याइतकं कुणी फसलेलं नाही. माझा पहिला ट्रायपॉड मी घरबसल्या मागवला. त्याच्याबरोबर एक गोल दिवा, मोबाइलचा चिमटा आणि पिशवी फुकट होती. उभं राहणं तेवढं त्यात धरलेलं नव्हतं. नदीकाठी त्यावर कॅमेरा लावला, समोर खंड्या येऊन बसला, मी श्वास रोखला, आणि तो ट्रायपॉड म्हशीसारखा आधी पुढचा आणि मग मागचे दोन पाय दुमडून सावकाश खाली बसला. खंड्या उडालासुद्धा नाही. असली करमणूक त्याला रोज कुठे मिळते!

तर नीट वाच. दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी तिन्ही पाय पूर्ण उघडायला लाव. वरून तळव्याने दाब. पाय फाकले किंवा सरकले तर नमस्कार करून बाहेर पड. पायाला जितके कमी तुकडे तितका तो भक्कम, कारण शेवटचा तुकडा बोरूसारखा बारीक असतो आणि सगळी थरथर तिथूनच येते. मधला दांडा वर ओढून उंची वाढवता येते म्हणून दुकानदार नाचेल. तू नाचू नकोस, तो दांडा वर गेला की तीन पायांचा फायदा संपला. डोकं प्लॅस्टिकचं असेल तर तुझी ती जड लेन्स लावून बघ, मान टाकतं का. आणि फोटो काढताना खाली पिशवी अडकव, आत बटाटे चालतील.

आता मला एक सांग. तुझं अक्षर असं का? शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला तुलाच बोलवायचे. या पत्रात ओळी जिना उतरल्यासारख्या खाली आल्या आहेत आणि 'ट्रायपॉड'मधला 'ट्रा' भूकंपात सापडलेला दिसतो. गुजरातेत दारूबंदी आहे असं मी समजत होते.

आणि तुला साखर कधी झाली?

तुझी,
सुहासताई


बडोदे, ८ सप्टेंबर २०२५

ती. सुहासताईस,

नमस्कार. आधी अब्रूचं. दारूबंदी आहे आणि मी ती पाळतो. अक्षराचं कारण साधं आहे, मी हिंचक्यावर, म्हणजे आपल्या झोपाळ्यावर, बसून लिहितो. बडोद्यात राहून मराठी माणसाला दोन गोष्टी लागतातच, आमटीत गूळ आणि घरात हिंचका. लिहिताना पाय टेकवून तो थांबवायचा असतो, ते माझ्या लक्षात राहत नाही. साखर झालेली नाही, होऊ नये म्हणून अर्धा कप.

आता ट्रायपॉड. तुझं पत्र खिशात घालून आधी अलकापुरीतल्या एका गारेगार दुकानात गेलो. तिथल्या मुलाने माझं बजेट विचारलं. मी सांगितलं. त्याने मला प्यायला पाणी दिलं.

मग मांडवीत गेलो. मोबाइलची कव्हरं, बॅटऱ्या आणि देवांच्या माळा एकत्र विकणाऱ्या एका माणसाकडे ट्रायपॉड टांगलेला दिसला. मी म्हटलं, "हलशे तो नहि ने?" तो म्हणाला, "काका, आना पर हाथी मूको तोय नहि हाले!" हत्ती जवळ नव्हता, म्हणून विश्वास ठेवला. तुझ्या परीक्षा सगळ्या पाठ होत्या गं, पण घासाघीस सुरू झाली आणि मी तिच्यात इतका रंगलो की पाय उघडून बघायचेच राहिले. त्याने किंमत उतरवली तेव्हा मला बडोदं जिंकल्यासारखं वाटलं. घरी येऊन उघडलं तर एक पाय खिळ्यात अडकल्यासारखा अर्ध्यातच थांबतो. म्हणजे हत्ती खरंच हलणार नाही, चढणारच नाही तो.

तरी पुस्तकांची चळत लावून पाय सारखे केले आणि आमच्या मंडळाच्या गणपतीत तो उभा केला. आरती सुरू झाली, झांजा, ढोल, सगळं. बडोद्याचे मराठी लोक आरती म्हणतात तेव्हा गुजरातला आठवण करून देत असतात की आम्ही अजून आहोत. त्या दणक्यात माझा ट्रायपॉड चालायला लागला. खोटं सांगत नाही, पाऊलभर पाऊलभर पुढे सरकत तो थेट मखरापाशी गेला आणि 'मंगलमूर्ती'ला त्याने मान टाकली. लेन्स पूर्ण खाली. बायका म्हणाल्या, काय भक्ती आहे! फोटो आले ते सगळे मोदकांच्या ताटाचे. तेवढे मात्र ताई, अत्यंत स्पष्ट आले.

पुढचं संकट. आमच्या इथल्या गरब्याच्या मैदानावर चौकशी करून आलो. तिथला कार्यकर्ता म्हणाला, "काका, त्रण पगवाळुं अंदर नहि चाले, कोई पडी जाय." तीन पायांत अडखळून कुणी पडेल म्हणे. मी म्हटलं, मग एका पायाचं? तो विचार करून म्हणाला, "एक पगनो वांधो नहि." तर आता मोनोपॉड घेणं आलं. त्याचं कसं असतं ते कळव. नवरात्र तोंडावर आलं आहे आणि मला तो एक फोटो हवाच आहे.

तुझा,
रमाकांत


सांगली, १४ सप्टेंबर २०२५

चि. रमाकांत,

तुझ्या ट्रायपॉडची भक्ती वाचून इतकी हसले की कानातलं यंत्र बाहेर पडलं. माझ्या म्हशीचं आणि तुझ्या वारकऱ्याचं लग्न लावू.

मोनोपॉड घे, पण एक समजून घे. तो एकटा उभा राहत नाही. एक पाय त्याचा आणि दोन तुझे, असे मिळून तीन होतात. तेव्हा आपले दोन पाय लांब रोव, तो डोळ्याच्या उंचीइतका कर, त्याचा पट्टा मनगटात घाल, कोपरं बरगड्यांना चिकटव आणि श्वास सोडून बटण दाब. वर-खाली हलणं तो थांबवतो, बाजूचं हलणं तुझं तू थांबवायचं. आणि रमाकांत, या सगळ्या काठ्या फक्त आपलं हलणं थांबवतात. समोरचं माणूस हलतच असेल तर त्याला त्यांच्याकडे इलाज नाही.

दुसरं पत्र पहिल्यापेक्षा जास्त हललं आहे. हिंचका बराच जोरात असावा.

एक काम कर. एक पत्र मला खुर्चीवर बसून लिही. चार ओळी चालतील.

तुझी,
सुहासताई


बडोदे, १९ सप्टेंबर २०२५

ती. सुहासताईस,

नमस्कार. अक्षर ओळखू येणार नाही, कारण ते अवनीचं आहे. माझं मनगट मुरगळलं. मी सांगतो आहे, ती लिहिते आहे. ती हसते आहे हे लिहू नकोस गं. लिहिलंस? बरं.

मोनोपॉड घेतला. या वेळी पूर्ण उघडून, वरून दाबून, लेन्स लावून मग किंमत विचारली. दुकानदार म्हणाला, "काका, तमे तो एक्सपर्ट छो." ताई, या वयात एवढं कौतुक कुणी करत नाही, त्यामुळे घासाघीस करायला तोंडच राहिलं नाही.

सरावासाठी तो घेऊन खाली उतरलो. रस्ता ओलांडताना एका मुलीने माझा दंड धरला आणि पलीकडे नेऊन सोडलं. मला पलीकडे जायचंच नव्हतं. परत येताना दुसऱ्या एकाने अलीकडे आणलं. ही काठी नाही, हे मी आता किती जणांना सांगू? काठी घेऊन फिरण्याइतका मी अजून झालेलो नाही.

सोमवारपासून गरबा. अवनीची चणिया-चोळी तयार आहे, मोरपंखी रंगाची. बाकी क्षेम.

तुझा,
रमाकांत (सही त्याचीच. म्हणजे माझीच.)


(याच पाकिटातली वेगळी चिठ्ठी)

सुहासआजी,

हे आजोबांना न सांगता आत टाकतेय. पत्र लिहायला बसले तेव्हा तुमचं आधीचं पत्र टेबलावर होतं. त्यातला हिंचका वाचला आणि मला आधी हसायला आलं आणि मग नाही आलं.

आमच्याकडे हिंचका नाहीये. घडियाळी पोळमधल्या जुन्या घरी होता. फ्लॅटमध्ये आलो तेव्हाच पप्पांनी तो देऊन टाकला, इथे लटकवायला जागाच नाही. मनगट पण मुरगळलेलं नाही. हात थरथरतो. मला कधीपासून माहीत आहे. अर्धा कप चहा का, ते पण. पूर्ण भरला तर बशीत जातो. पप्पांना मी बोलले नाही, कारण आजोबा इतकं लपवतायत तर काहीतरी मोठं असेल असं वाटतं.

युनिव्हर्सिटीला अजून एक वर्ष थांबायला मिळेल का, असा मेल लिहून ठेवलाय. पाठवला नाहीये. गरबा संपला की पाठवीन. आजीच्या वेळी थांबले तसंच. तुम्ही त्यांना काही सांगू नका, प्लीज.

अवनी


सांगली, २४ सप्टेंबर २०२५

चि. रमाकांत,

मला एका मुलीने काही सांगू नका म्हणून विनवलं आहे आणि मी सांगणार आहे. आयुष्यभर मुलांची गुपितं मुख्याध्यापकांपर्यंत नेली, आता काय सुधारणार.

तुझ्या घरात हिंचका नाही.

तुझा हात थरथरतो, तू घाबरला आहेस, आणि तू कशाला घाबरला आहेस तेही मला माहीत आहे. हाताच्या थरथरीपासूनच सुरू झालेलं मामांचं, तुझ्या अण्णांचं, शेवटचं दुखणं मीही पाहिलं आहे. त्यांना घास भरवताना तू तोंड फिरवून उभा राहायचास. आपलंही तेच होणार असं तू मनाशी ठरवून टाकलंस आणि डॉक्टरकडे गेला नाहीस. अवनी विमानात बसेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर ती पुन्हा थांबेल, असा तुझा हिशेब. बरोबर ना? तो चुकला आहे. तिला कधीचं कळलं आहे. तू लपवतोस म्हणूनच तिला ते मोठं वाटतं आणि म्हणूनच तिने वर्षभर थांबण्याचा मेल लिहून ठेवला आहे. गरबा संपला की पाठवणार आहे. पोरगी जावी म्हणून तू जे करतोस, त्यानेच ती अडकते आहे.

हे मी मोठी शहाणी म्हणून सांगत नाही. कानाचं यंत्र मी वर्षभर लोणच्याच्या बरणीमागे लपवून ठेवलं होतं. लोक बोलायचे आणि मी अंदाजाने हसायचे. एका बाईने नवऱ्याचं ऑपरेशन सांगितलं आणि मी म्हटलं, वा, छान, पेढे कुठे आहेत! तुझं अस्वल त्यापुढे काहीच नाही.

रागाव माझ्यावर, पण तिच्याशी बोल. ट्रायपॉडला तीन पाय असतात याची त्याला लाज वाटत नाही.

तुझी,
सुहासताई


बडोदे, ८ ऑक्टोबर २०२५

ती. सुहासताईस,

नमस्कार. रागावलो होतो. दोन दिवस तुला मनातल्या मनात इतकं बोललो की तुझं यंत्र इथून वाजलं असेल. अवनीशी मात्र बोललो नाही. जीभच रेटेना. सकाळी चहा घेताना ठरवायचो आणि अर्धा कप संपेपर्यंत धीर संपायचा.

असा अष्टमीपर्यंत आलो. मोनोपॉड घेऊन गरब्याला गेलो. फाटकापाशी तोच कार्यकर्ता. मला वाटलं, ओळखेल. तो धावत आला आणि म्हणाला, "दादा, तमे अहीं बेसो ने," (इकडे दादा म्हणजे आजोबा) आणि मला थेट वडीलधाऱ्यांच्या रांगेत नेऊन खुर्चीवर बसवलं. मी म्हटलं, "आ लाकडी नथी!" म्हणजे ही काठी नव्हे. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "मारी पण नथी," आणि त्यांनी आपली चकचकीत काठी दाखवली. ताई, आम्ही दोघं इतके हसलो की माझं अर्धं अवसान तिथेच गळलं. आणि मग बघतो तर काय, सगळ्या मैदानात याच्याइतकी चांगली जागा नव्हती. गरब्याचं रिंगण तिथूनच वळत होतं. प्रत्येक फेरीला अवनी माझ्यासमोरून जायची.

एक पाय त्याचा, दोन माझे, कोपरं बरगड्यांना, श्वास बाहेर. सगळं केलं. दिवे आले, ढोलवाला आला, तोरणं आली, सगळं कसं टाचणीसारखं स्पष्ट, आणि मधे एक मोरपंखी ओघळ. दरवेळी. तू लिहिलं होतंसच, समोरचं माणूस हलत असेल तर काठीकडे इलाज नाही. एवढी जाणारी पोर, तिला मी कुठल्या दांड्याने थांबवणार होतो?

दहाव्या की पंधराव्या फेरीला ती रिंगणातून बाहेर आली. घामाने थबथबलेली. माझ्या पायाशी खाली बसली आणि तिने मोनोपॉडचा दांडा मुठीत धरला. म्हणाली, "आजोबा, आता काढा." मी म्हटलं, इतक्या जवळून नुसतं तोंडच येईल. ती म्हणाली, "चालेल." मी बटण दाबलं.

ताई, तो फोटो आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फोटोत डोकं पूर्ण आलं. कपाळावरचा घाम आला, पापणी न् पापणी आली. पण तिची नजर लेन्सकडे नाही. ती माझ्या हाताकडे बघते आहे, आणि कशी बघते आहे ते मला लिहिता येणार नाही. कॅमेऱ्याचा तो लहान पडदा बघता बघता मला रडू आलं. त्या रांगेत रडण्याला कुणी विचारत नाही, एवढी एक सोय असते.

मी तिला सगळं सांगितलं. ढोल इतका जोरात होता की अर्धं तिला ऐकूही गेलं नसेल. ती म्हणाली, "हिंचका, आजोबा? दुसरं काही सुचलं नाही?"

दसऱ्यानंतर ती आणि नील मला अलकापुरीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी मला कागदावर जिलबी काढायला लावली. माझी जिलबी बघून नील मान वळवून हसला, पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला चालवलं, हात वाकवले, अण्णांबद्दल सगळं विचारलं, आणि म्हणाले, हा त्यांचा आजार नव्हे. हा वयाचा कंप आहे. गोळीने कमी होईल, जाणार नाही, पण नेणारही नाही. इतके महिने मी ज्याला घाबरून दार बंद करून बसलो होतो तो दारात नव्हताच गं. मग अवनीने आमच्यासमोर फोन काढला आणि तो मेल पुसून टाकला. तेवढी गोष्ट पाहायला वसुंधरा हवी होती.

दंड म्हणून नीलने स्कूटरची किल्ली काढून घेतली आहे. मी अपील करणार आहे.

काल ती गेली. विमानतळावर मी मोनोपॉड टेकत चाललो, आणि एकाने काठी म्हटलं तेव्हा हो म्हटलं. आत जाताना तिने वळून हात केला. तो फोटो मी काढला नाही, दोन्ही हात हलवत होतो. मांडवीचा तो तीन पायांचा भक्त मात्र तिने मागून घेतला आणि बॅगेत टाकला. म्हणाली, जर्मनीत माझे फोटो मी कुणाकडून काढून घेऊ? मी बजावलं आहे की त्याच्यासमोर आरती म्हणू नकोस.

फोटो भिंतीवर लावला आहे. त्याच्याकडे बघत चहा घेतो. कप पूर्ण भरतो. बशी ठेवली आहे खाली, सांडला तर सांडला.

तुझा,
रमाकांत

ता. क. अक्षर तुला आधीच्यापेक्षाही वाईट वाटेल. हे पत्र खुर्चीवर बसून लिहिलं आहे.